चेन्नईला नेमकं कधी जावं? दिवाळीत, नाताळात की मे महिन्यात?

कवडसा (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. चेन्नईला जायचं नक्की झालंय, पण कधी जायचं यावर घरात एकमत होईना, म्हणून इथे विचारतेय. आम्ही पाच जण आहोत: आम्ही दोघं, चौथीतला मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांना एग्मोरच्या म्युझियममधल्या कांस्यमूर्ती बघायच्यात. सासूबाईंना कपालीश्वराचं देऊळ आणि जमलंच तर एखादी मैफल. मुलाला फक्त समुद्र. महाबलीपुरम सगळ्यांनाच हवंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायपीट बेताचीच.

सुट्ट्यांच्या हिशोबाने दिवाळी, नाताळ आणि मे हे पर्याय आहेत. नवऱ्याचं म्हणणं दिवाळी, कारण "पाऊस संपलेला असतो, हवा छान असते". मे म्हटलं की सगळे घाबरवतात. तिथे राहिलेल्यांनी आणि जाऊन आलेल्यांनी सांगा. पॅकेज टूरच्या जाहिराती नकोत, प्लीज.

तिरकस
चेन्नईत तीनच ऋतू. हॉट, हॉटर, हॉटेस्ट. घ्या निवडून.

वेणीफणी
तिरकसराव, हा विनोद गावाचं नाव मद्रास होतं तेव्हाचा आहे. नवीन काढा काहीतरी.

अड्यारची_सून
कवडसा, मी लग्नानंतर बरीच वर्षं चेन्नईतल्या अड्यारला राहिले. तुमच्या यजमानांना एकच सांगा: आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिथे सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस साधारण २० ऑक्टोबरच्या आसपास येतो आणि नोव्हेंबर हा तिथला सगळ्यात ओला महिना. म्हणजे तुमची दिवाळीची सुट्टी बरोब्बर त्यात.

आपल्याकडून येणारे पाहुणे दर दिवाळीला हाच घोळ घालतात. छत्री न घेता येतात, वर "हा परतीचा पाऊस असेल, थांबेल दोन दिवसांत" असं आम्हालाच समजावतात. तो परतीचा नसतो हो, तो आत्ता आलेला असतो.

शिवाय तिथली दीपावली म्हणजे मुख्यतः नरकचतुर्दशीची पहाट. तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फटाके, आणि मग दिवसभर गाव बंद. आदल्या आठवड्यात टी. नगरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करता ती गर्दी तर नकोच.

पाणीच_पाणी
पावसाचा एवढा बाऊ कशाला? आम्ही मुंबईकर. २६ जुलै पाहिलाय, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता. चेन्नईला वर्षभरात मिळून १४०० च्या आसपास. जा बिनधास्त, हॉटेलंही स्वस्त मिळतील.

खग्रास
पाणीच_पाणी, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. १४०० मधला निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो, आणि तोही रोज थोडाथोडा नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-चार दिवस झोडपतो, मग आठवडाभर लख्ख ऊन. मुंबईचा जुलै कसा असणार हे आधीच माहीत असतं. चेन्नईचा नोव्हेंबर म्हणजे लॉटरी.

कारण सोपं आहे. जून ते सप्टेंबर वारे नैऋत्येकडून येतात, त्यांच्यातलं बरंचसं पाणी पश्चिम घाटावरच उतरतं. पलीकडे फार उरत नाही. ऑक्टोबरात वारे उलटे फिरतात, ईशान्येकडून उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि थेट कोरोमंडलच्या किनाऱ्यावर आपटतात. चक्रीवादळांचा दुसरा हंगामही तोच.

पाणीच_पाणी
हो, पण लॉटरीत बक्षीसही लागतं ना? माझा भाऊ नोव्हेंबरात गेला होता, एक थेंब नाही. उलट ढगाळ, गार हवा.

अड्यारची_सून
लागतं की. पाऊस नसलेला नोव्हेंबर फार सुंदर असतो, मी नाही म्हणत नाही. पण भाऊ एकटे गेले असतील. इथे म्हातारी माणसं आहेत, मूल आहे, पाच तिकिटं आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये विमानतळ कित्येक दिवस बंद होता. अड्यार नदी धावपट्टीपर्यंत आली होती. आमच्या गल्लीत तळमजल्यावरचे लोक गच्चीवर झोपत होते, मोबाईलला रेंज नाही, आणि दुधाची पिशवी मिळाली की अख्ख्या मजल्याचा चहा व्हायचा. पुढच्याच वर्षी १२ डिसेंबरला वरदा वादळ आलं. शहरातली हजारो झाडं आडवी झाली. २०२३ ला मिचौंग, तेही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच.

तिरकस
म्हणजे चौथा ऋतू: होडी.

वेणीफणी
हा बरा होता.

जुनी_पेटी
सगळे पावसावरच बोलताय. सासूबाईंना मैफल ऐकायची आहे हे वाचलं का कुणी?

मैफल हवी असेल तर डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा पहिला आठवडा. दुसरा पर्यायच नाही. तमिळ मार्गळी महिना, कर्नाटक संगीताचा म्युझिक सीझन. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या जोडीने संगीत परिषद झाली, त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. आता शहरभरात कितीतरी सभांमध्ये (तिथे संगीतसंस्थांना सभा म्हणतात) सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं. दुपारच्या कच्चेऱ्यांना, म्हणजे मैफलींना, बरेचदा तिकीट नसतं, तरुण गायक तेव्हाच ऐकायला मिळतात. संध्याकाळच्या मोठ्या नावांना तिकीट लागतं आणि ते आधीच संपलेलं असतं.

सवाई ऐकलेल्या माणसाला तिथलं वातावरण आधी विचित्र वाटतं. श्रोते मांडीवर ताल धरून बसतात, अगदी शेवटच्या रांगेतल्या आजीसुद्धा, पदराखाली बोटं मोजत. राग ओळखला की शेजारच्याच्या कानात नाव. आणि मृदंगाचं तनि आवर्तनम्, म्हणजे एकल वादन, सुरू झालं की अर्धं सभागृह उठून कॅन्टीनकडे चालायला लागतं. बिचारा मृदंगवाला! पण कॅन्टीनही तसंच असतं. केळीच्या पानावर जेवण, आणि पंगतीत रांग लावताना गाण्याइतकीच गंभीर चर्चा: यंदा कोणत्या सभेचा रवा डोसा चांगला.

सकाळी लवकर उठून मैलापूरला जायचं. कपालीश्वराच्या भोवतीच्या माडा वीथीत दारोदार कोलम, म्हणजे तिथल्या रांगोळ्या, काढलेले असतात, मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं पिवळंधम्मक भोपळ्याचं फूल. आठ वाजेपर्यंत रहदारी त्यावरून गेलेली असते, म्हणून सकाळी लवकर.

कवडसा
जुनी_पेटी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. आता त्या नाताळवर अडून बसल्यात. पण वरची वादळं सगळी डिसेंबरचीच ना?

खग्रास
नीट बघा, तिन्ही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली आहेत. २० डिसेंबरनंतर जोर बराच ओसरतो. पाऊस नाहीच असं नाही, पण शक्यता उतरतीला लागते. बरेचदा जानेवारीच्या मध्यापर्यंत हा मोसम संपतो. नाताळ ते नवीन वर्ष हा धोका पत्करण्यासारखा आहे. तिकीट रद्द करता येईल असं काढा म्हणजे झालं.

मैलाचा_दगड
नाताळला विरोध. अख्खा देश फिरायला निघालेला असतो. आम्ही गेलो तेव्हा महाबलीपुरमला गाडी लावायलाच तास गेला, पंचरथांपाशी फोटो काढायला रांग. हॉटेलने बुकिंग असूनही "एक रूम कमी आहे" म्हणून सांगितलं, मग आईबाबांना एका लॉजमध्ये पाठवलं. भाव तर विचारूच नका.

रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नाताळची तिकिटं पहिल्या काही मिनिटांतच उडतात.

वऱ्हाडी_ठेचा
मे बद्दल कोणीच काही बोलेना म्हणून मी बोलतो. मी नागपूरचा, ४५ अंश हा आमच्या घरचा माणूस. मे महिन्यात चेन्नईला ३९ मध्ये जे हाल झाले ते नागपुरात कधी झाले नाहीत. घाम येतो आणि वाळतच नाही. सकाळी आठला अंघोळ करून बाहेर पडलो, बसस्टॉपपर्यंत पोचेस्तोवर शर्ट पिळायला आला. आमच्याकडे कूलर लावला की काम भागतं, तिथे कूलर म्हणजे खोलीत आणखी पाणी. लहान मूल आणि म्हातारी माणसं असतील तर अजिबात नेऊ नका.

अड्यारची_सून
ठेचा, अगदी बरोबर. साधारण ४ ते २८ मे हा तिथला कत्तिरी, म्हणजे अग्निनक्षत्र, सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. २००३ च्या मे मध्ये पारा ४५ ला टेकला होता.

पण मे मधलं एक इंगित तिथल्यांना पक्कं ठाऊक असतं. दुपारी समुद्रावरून वारं आत येतं, बारा ते दोनच्या दरम्यान. ते वेळेवर आलं तर दुपार सुसह्य, संध्याकाळ चक्क छान. पश्चिमेचे गरम वारे जोरात असले की ते अडतं, उशिरा येतं, आणि त्या दिवशी शहर भाजून निघतं. आमच्या सासूबाई खिडकीच्या पडद्याकडे बघून सांगायच्या, "आलं". मगच स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी जायच्या.

देवळात जाणार असाल तर आणखी एक. अनवाणी चालावं लागतं आणि मे मध्ये प्राकारातली ग्रॅनाइटची फरशी दुपारी तव्यासारखी तापते. काथ्याच्या चटया टाकतात, पांढरा पट्टा रंगवतात, तरी दोन चटयांच्या मधल्या जागेत म्हातारी माणसंसुद्धा उड्या मारतात.

रानजाई
मी मे च्या बाजूने! (मारा दगड.)

कारण एक, ताडगोळे. रस्त्याच्या कडेला ढीग, कोयत्याने सोलून हातात देतात, तिथे त्याला नुंगु म्हणतात. कारण दोन, बंगनपल्ली आंबा. हापूसवाल्यांनी तोंड फिरवू नये, वेगळा प्रकार आहे. कारण तीन, मोगरा. उन्हाळ्यात मल्लीचे गजरे ढिगाने येतात. तुमच्या डिसेंबर-जानेवारीत तीच फुलं दुर्मीळ होतात आणि भाव आकाशाला भिडतात. मैलापूरच्या फूलवालीकडे मे मध्ये हातभर गजरा मागितला तर ती कोपरापर्यंत मोजून वर आणखी दोन बोटं देते.

मत्स्यगंधा
रानजाई, तिथे मासे खायला जाणाऱ्यांसाठी मे बाद आहे. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असते तशीच. कासिमेडूच्या मासळी बंदरात गेलात तर बोटी नुसत्या बांधलेल्या दिसतील. मिळतं ते छोट्या होड्यांचं, नाहीतर बर्फातलं.

तिरकस
चला, धागा अखेर जेवणावर आला. आता कोणीतरी सांबार विरुद्ध आमटी काढा, म्हणजे शंभरी पार.

वेणीफणी
काढूच नका. मागच्या वेळी त्यावर दोघांनी आयडी बंद केले होते.

मैलाचा_दगड
खरं तर ऑगस्टचाही विचार व्हावा. २२ ऑगस्ट मद्रास दिन, १६३९ ची आठवण. त्या आठवड्यात जुन्या शहरात हेरिटेज वॉक, व्याख्यानं असं बरंच काही असतं. संध्याकाळी गडगडाट करून पाऊस येतो, तासाभरात संपतो. उकाडा असतो, पण मे सारखा नाही.

पाणीच_पाणी
अच्छा, म्हणजे ऑगस्टचा पाऊस चालतो आणि नोव्हेंबरचा नाही. 🙂

खग्रास
चालतो. संध्याकाळचा वळीव आणि दोन दिवस ठाण मांडून बसलेला कमी दाबाचा पट्टा यांत फरक आहे. आणि तिथे पाऊस नाही आला तर काय होतं तेही बघा. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोलवरम, पुळल, चेंबरमबक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. हॉटेलं, ऑफिसं पाण्यासाठी टँकरवर. त्यामुळे नोव्हेंबरच्या पावसाला तिथला माणूस शिव्या घालतो आणि मोजतोही. तलाव किती भरले हे आकडे तिथे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारले जातात.

तंजावूर_पेठ
अवांतर आहे, पण चेन्नईला जाताच आहात तर तंजावर सोडू नका. साडेतीनशे किलोमीटरच्या आत. आमच्या आजोळची मंडळी तिथली, घरात अजून जुनी मराठी बोलतात. सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय, मोडी कागदपत्रं, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख. डोळ्यांत पाणी येतं. तिथेही जानेवारी-फेब्रुवारीच.

कवडसा
तंजावूर_पेठ, मोह होतोय, पण गुडघे. पुढच्या वेळी नक्की.

बरं, दिवाळी आणि मे दोन्ही बाद, नवऱ्याने मान्य केलं (कुरकुरत). नाताळला गर्दी. जानेवारी-फेब्रुवारीचा उल्लेख सगळे करताय. शाळा बुडवायची तयारी आहे, चौथीच आहे. संक्रांतीला जोडून गेलं तर? तिथे पोंगल असतो ना, मुलाला बघायला मिळेल.

अड्यारची_सून
हवा म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारीला तोड नाही. दुपारी ३० च्या आसपास, पहाटे २१-२२, पाऊस जवळजवळ नाही.

पण पोंगलच्या दिवसांत शहरात जाऊ नका. भोगीला पहाटे जुन्या वस्तू जाळतात, धुरामुळे विमानांना उशीर होतो. पोंगलला निम्मं शहर गावी जातं, दुकानं बंद. तुमच्या मुलाला पोंगल बघायचा असेल तर तो खेड्यात, फ्लॅटच्या चेन्नईत काय दिसणार? आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काणुम पोंगल. त्या दिवशी मरीना चौपाटीवर जी गर्दी होते ती लालबागच्या राजाच्या रांगेत उभं राहिलेल्यांनाच कळेल. १८ जानेवारीनंतर जा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी मिळत असेल तर उत्तम.

जुनी_पेटी
मग गाण्याचं काय! सीझन तर जानेवारीच्या सुरुवातीलाच संपतो.

अड्यारची_सून
पेटीकाका, संपतो तो सीझन, गाणं नाही. सभा वर्षभर चालतात, शनिवार-रविवारी काही ना काही असतंच. आणि सीझनमध्ये दमलेल्या गायकापेक्षा फेब्रुवारीत आराम झालेला गायक ऐकावा असं माझं मत. मार्च-एप्रिलला कपालीश्वराचा पंगुनी उत्सवही असतो, आठव्या दिवशी त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, मूर्ती मिरवतात. पण तोवर ऊन तापलेलं असतं.

जुनी_पेटी
दमलेला गायक! हे सीझनच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून बोलून दाखवा. (हलके घ्या.)

खग्रास
वेळांबद्दल थोडं. कोणताही महिना निवडा, दिवस लवकर सुरू करा. सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो मागच्या इमारतींत. आपल्या चौपाटीसारखा सूर्यास्त शोधत बसाल तर फसाल. जानेवारीत सहाच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. महाबलीपुरमचं ते मोठं शिल्प, अर्जुनाची तपश्चर्या किंवा गंगावतरण म्हणतात ते, पूर्वाभिमुख आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातला तप करणारा मांजर आणि त्याच्या पायाशी जमलेले उंदीर स्पष्ट दिसतात. दुपारनंतर सगळं सावलीत जातं. देवळं साधारण बारा-साडेबारा ते चार बंद, ती वेळ म्युझियमला द्या.

मत्स्यगंधा
मुलाला समुद्रात डुंबायचं असेल तर मरीनावर सोडू नका. तिथे अंतर्प्रवाह जबरदस्त आहे, पोहायला बंदी आहे. जानेवारीत शांत दिसला तरी. घोट्यापर्यंत पाय भिजवा, भजी खा, परत या.

रानजाई
कवडसा, जानेवारी ते मार्च कासवांचा काळ! ऑलिव्ह रिडले मादी रात्री किनाऱ्यावर अंडी घालायला येते. विद्यार्थ्यांचा एक गट १९८८ पासून शुक्रवार-शनिवारच्या रात्री नीलांकरै ते बेसंट नगर चालत घरटी शोधतो, लोकांनाही बरोबर नेतो. वाळूतून सहा-सात किलोमीटर, पहाटेपर्यंत. टॉर्च लावायचा नाही.

कवडसा
तर ठरलं. जानेवारीचा शेवटचा आठवडा. दिवाळीत घरीच फराळ. आम्ही गुरुवारी रात्री पोचणार, शुक्रवारी सकाळीच सासऱ्यांना एग्मोरला नेते, म्हणजे त्यांचं एकदाचं होईल. महाबलीपुरम शनिवारी पहाटे निघून. सगळ्यांचे मनापासून आभार. पाणीच_पाणी, तुमचेही.

मैलाचा_दगड
एग्मोरचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं.

कवडसा
अरे देवा. मग शुक्रवारी सकाळी मैलापूर आणि रात्री बाप-लेक कासवं बघायला. सासरे रविवारी. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही की त्याला रात्रभर वाळूतून चालायचंय.

तिरकस
आणि शनिवारी पहाटे निघून महाबलीपुरम. यजमानांना आमच्या शुभेच्छा.